आडवाटेची अवजारे

सप्टेंबर २०१५ मध्ये चीनमधून एक चमत्कारिक वार्ता जगापुढे आली. कोट्यवधी लोकांच्या आयफोनमध्ये घुसखोर शिरला होता. त्याने कोणाचा फोन चोरला नव्हता की कोणाचा परवलीचा शब्द फोडला नव्हता. तो आला होता प्रतिष्ठित कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये बसून, आणि तेही अ‍ॅपलच्या अधिकृत दुकानाच्या महाद्वारातून. संदेशवहनासाठी अवघा चीन ज्यावर विसंबून आहे ते वीचॅट, भाड्याच्या मोटारी पुरवणारे दीदी, संगीत ऐकवणारे नेटइझ अशा नामांकित अ‍ॅपच्या काही आवृत्त्यांत फोनची माहिती गोळा करून दूरच्या सर्व्हरकडे धाडणारा परका कोड आढळला. ज्यांनी ती अ‍ॅप लिहिली, ते अभियंतेही चक्रावून गेले. तसा कोड त्यांनी लिहिलाच नव्हता.

मग तो आला कोठून? त्यांच्या अवजारातून! आयफोनची अ‍ॅप तयार करण्यासाठी एक्सकोड नावाचे सॉफ्टवेअर लागते. अ‍ॅपल ते विनामूल्य देते. परंतु त्याचा आकार काही गिगाबाइटचा आणि परदेशी सर्व्हरवरून ते चीनमध्ये उतरवून घेण्याचा वेग गोगलगाईचा. कामाची घाई असलेल्या कित्येकांनी जवळची वाट धरली. बायडू या चिनी कंपनीच्या फायली ठेवण्याच्या सेवेवर कोणीतरी एक्सकोडच्या प्रती ठेवल्या होत्या, त्या झटपट उतरत. त्या प्रतींमध्ये कोणीतरी फेरफार करून ठेवला होता. अशा एक्सकोडमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक अ‍ॅपमध्ये परका कोड आपोआप मिसळला जाई. मॅक संगणकात अनोळखी सॉफ्टवेअरला अडवणारा गेटकीपर नावाचा पहारेकरी असतो. तो हरकत घेईल म्हणून या मंडळींनी त्यालाच रजा देऊन टाकली होती. पुढे २०२१ मध्ये अमेरिकेत एपिक विरुद्ध अ‍ॅपल हा खटला चालला, तेव्हा अ‍ॅपलचा अंतर्गत पत्रव्यवहार न्यायालयापुढे आला. त्यानुसार २,५०० हून अधिक अ‍ॅप बाधित होती आणि ती उतरवून घेणाऱ्यांची संख्या होती १२ कोटी ८० लाख.

सुताराने रंधा चोरबाजारातून आणला तर बिघडेल ते त्याचे लाकूड. सॉफ्टवेअरच्या सुताराने अवजार आडवाटेने आणले, तर बिघडते ते कोट्यवधी अपरिचितांचे घर. या घटनेचा खरा बोध एवढा सरळ आहे. तो घेतला गेला असता, तर त्यानंतरच्या दहा वर्षांत त्याच खड्ड्यात जग पुन:पुन्हा पडले नसते.

किल्ली कोणाच्या हाती?

या व्यवहाराची मांडणी संगणकाच्या व्यवसायात नसलेल्या वाचकानेही समजून घ्यावी अशी आहे. आजचे कोणतेही सॉफ्टवेअर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एका माणसाने लिहिलेले नसते. ते शेकडो तयार घटकांवर उभे असते. हे घटक पॅकेजच्या रूपाने मोठ्या भांडारांत ठेवलेले असतात. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी डेबियन, उबुंटू, फेडोरा यांची अधिकृत भांडारे आहेत. पायथन भाषेसाठी पायपीआय आणि जावास्क्रिप्टसाठी एनपीएम आहे. डेबियन हा प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला. त्याच्या भांडारात पॅकेज ठेवण्याचा अधिकार पारखून घेतलेल्या स्वयंसेवकांनाच असतो. भांडाराच्या सूचीवर संगणकीय स्वाक्षरी असते, आणि ती पडताळल्यावाचून वापरणाऱ्याचा संगणक पॅकेज स्वीकारीत नाही.

अधिकृत भांडारातील आवृत्ती बहुधा थोडी जुनी असते. नवी तर हवी असते आजच! अशा वेळी कोणी तीन ओळी हातावर ठेवतो. पहिल्या ओळीने परक्या भांडाराची स्वाक्षरी तपासण्याची किल्ली आपल्या संगणकात विश्वसनीय म्हणून नोंदवायची, दुसरीने त्या भांडाराचा पत्ता सूचीत घालायचा, तिसरीने पॅकेज बसवायचे. अर्ध्या मिनिटात काम फत्ते.

या अर्ध्या मिनिटात काय घडले, याचा विचार किती जण करतात? लिनक्सवर असे पॅकेज बसवताना त्याच्यासोबत आलेल्या आज्ञा 'रूट' या सर्वोच्च अधिकाराने चालतात. त्या संगणकावरील कोणतीही फाईल वाचू शकतात, बदलू शकतात, पुसू शकतात. आणि हा अधिकार त्या एका क्षणापुरता दिलेला नसतो. भांडाराचा पत्ता सूचीत राहतो. उद्या, परवा, सहा महिन्यांनी तेथे जे नवे येईल, ते नित्याच्या अद्ययावतीकरणात निमूटपणे आत येते. त्याच नावाचे, पण वरच्या क्रमांकाचे पॅकेज परक्या भांडारात आले, तर मूळ अधिकृत पॅकेजलाही बाजूला सारून ते बसू शकते. कित्येक वर्षे तर नोंदवलेली किल्ली ठरावीक भांडारापुरती मर्यादित नसे. ती सर्वच भांडारांसाठी ग्राह्य धरली जाई. ही ढिलाई ध्यानात आल्यावर विशिष्ट किल्ली विशिष्ट भांडाराशीच बांधण्याची सोय झाली. परंतु जुन्या तीन ओळी आजही हातोहात फिरतच आहेत.

पाहुण्याला ओसरीवर बसवणे वेगळे आणि तिजोरीच्या किल्ल्या देऊन आपण गावाला जाणे वेगळे. अनोळखी भांडार जोडणारा दुसरी गोष्ट करतो, आणि समजतो मात्र की आपण पहिलीच केली.

मालक गेला, दुकान उघडे

आडवाटेचे भांडार चालवणारा प्रत्येक जण लबाड असतो, असे नव्हे. बहुतेक जण सज्जनच असतात. आपल्यासाठी तयार केलेले पॅकेज दुसऱ्याच्याही उपयोगी पडावे, एवढाच त्यांचा हेतू असतो. परंतु सज्जनही कंटाळतो, नोकरी बदलतो, आजारी पडतो. दुकान मात्र उघडेच राहते. आणि अशाच बेवारस दुकानावर चोरांचा डोळा असतो.

आर्च लिनक्सच्या वापरकर्त्यांनी चालवलेले एयूआर नावाचे भांडार आहे. तेथील मजकूर वापरकर्त्यांनी दिलेला असून तो स्वतःच्या जबाबदारीवर वापरावा, अशी सूचना तेथे दिलेली असते. जुलै २०१८ मध्ये पीडीएफ वाचण्याचे एक पॅकेज तेथे बेवारस पडले होते. एका अनोळखी इसमाने नियमानुसार ते दत्तक घेतले आणि त्यात बाहेरून आज्ञावली आणून चालवणाऱ्या ओळी घातल्या. जुलै २०२५ मध्ये त्याच भांडारात फायरफॉक्ससारख्या ब्राउझरांच्या 'सुधारित' आवृत्त्यांच्या नावाखाली काही पॅकेजे आली. संगणकाचा ताबा दूरवरून घेण्याचे साधन त्यांच्या पोटात होते. सात वर्षांचे अंतर, आणि रीत तीच!

२०१८ मध्येच एनपीएमवरील इव्हेंट-स्ट्रीम या लोकप्रिय पॅकेजच्या मूळ कर्त्याने, स्वतःला त्यात स्वारस्य उरले नाही म्हणून, मदतीची तयारी दाखवणाऱ्या एका अपरिचिताकडे ते सोपवले. नव्या धन्याने त्यात आणखी एक पॅकेज जोडले आणि त्याच्यामार्फत बिटकॉइन साठवणाऱ्या एका अ‍ॅपमधील धनावर डल्ला मारण्याची योजना आखली. पॅकेजचे नाव तेच, पत्ता तोच. बदलला तो फक्त किल्ली धरणारा हात.

याहून अधिक बोलके उदाहरण एप्रिल २०२१ मधील आहे. कोडकव्ह ही कंपनी सॉफ्टवेअरच्या चाचण्यांचे मोजमाप करते. तिची एक लहानशी आज्ञावली जगभरच्या कंपन्या थेट संकेतस्थळावरून खेचून जशीच्या तशी चालवीत. ३१ जानेवारीपासून कोणीतरी त्या आज्ञावलीत बदल करून ठेवला होता. सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या यंत्रांवरील गुप्त संकेतशब्द तो परस्पर बाहेर पाठवीत होता. हा प्रकार उघडकीस आला १ एप्रिलला, आणि तोही एका ग्राहकामुळे. उतरवून घेतलेल्या फाईलचा पडताळणी-अंक आणि प्रसिद्ध केलेला अंक यांची त्याने तुलना केली, तेव्हा दोन्ही जुळेनात. दोन महिने ती आज्ञावली सर्रास वापरली जात होती. अंक जाहीर होता, तुलना करण्यास एक मिनिटही पुरेसे होते. ते एक मिनिट दिले एकाने! बाकीच्यांनी काय केले? त्यांनी 'एवढे लोक वापरतात, म्हणजे कोणीतरी तपासले असेलच' असे मानले. सर्वांनी एकमेकांच्या भरवशावर झोपायचे ठरवल्यावर गडाला पहारा उरतो कोणाचा?

'अधिकृतातही चोर शिरतातच ना?'

या मुद्द्यावर एक प्रतिप्रश्न हमखास येतो. अधिकृत भांडारे तरी कोठे निर्धोक आहेत? फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटचे अधिकृत संकेतस्थळच फोडले गेले आणि तेथील दुवा बदलून लोकांच्या हाती दूषित प्रत देण्यात आली. मार्च २०२४ मध्ये तर एक्सझेड प्रकरणाने सगळ्यांचीच झोप उडवली. मग आडवाटेला नावे ठेवण्यात अर्थ काय?

हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. परंतु एक्सझेडचीच कथा नीट तपासली, तर ती नेमकी उलटी साक्ष देते.

एक्सझेड ही फायली आकसून साठवणारी, लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक संगणकावर आढळणारी लहानशी आज्ञावली. तिची देखभाल मुख्यतः एकाच माणसाच्या शिरावर होती, आणि तीही बिनपगारी. जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ तेथे इमानेइतबारे काम केले, विश्वास संपादन केला, अधिकार मिळवले आणि २०२४ च्या आरंभी ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. विशिष्ट किल्ली असणाऱ्याला जगभरच्या सर्व्हरमध्ये दूरवरून शिरता यावे, अशी ती योजना होती. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला पोस्टग्रेसच्या चाचण्या घेताना सर्व्हरमधील प्रवेशाला अर्धा सेकंद जास्त लागत असल्याचे जाणवले. त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी सारा कट चव्हाट्यावर मांडला.

तोवर तो चोरदरवाजा कोठवर पोहोचला होता? डेबियनच्या 'अस्थिर' आणि 'चाचणी' शाखांपर्यंत, फेडोराच्या विकासाधीन आवृत्तीपर्यंत, नवे ते तत्काळ देण्याचे ब्रीद असलेल्या काही वितरणांपर्यंत. डेबियनच्या 'स्थिर' शाखेत, म्हणजे जिच्यावर खरे कामकाज चालते तिच्यात, तो पोहोचलाच नव्हता. तेथे जुनी आवृत्ती होती. ज्या 'मागासलेपणा'ला कंटाळून लोक आडवाट धरतात, त्याच मागासलेपणाने या वेळी जगाचे सर्व्हर राखले.

तेव्हा अधिकृत भांडाराचा संथपणा म्हणजे आळस, हा समज आता तरी पुसून टाकला पाहिजे. पॅकेज आधी अस्थिर शाखेत यावे, काही काळ अनेकांच्या नजरेखालून जावे, मग चाचणी शाखेत आणि अखेर स्थिर शाखेत प्रविष्ट व्हावे, हा क्रम म्हणजे धान्य पाखडण्याची क्रिया आहे. पाखडायला वेळ लागतो. तो वाचवणारा खडेही खातो. शिवाय आवृत्तीचा क्रमांक जुना म्हणजे छिद्रेही जुनी, असेही नसते. डेबियनची सुरक्षा-चमू नव्या आवृत्तीतील नेमकी दुरुस्ती जुन्या आवृत्तीत आणून बसवते. क्रमांक तोच राहतो, छिद्र बुजलेले असते.

चोर सर्वत्र शिरू पाहतात, हे खरेच. प्रश्न असा की, तो शिरल्यावर ओळखणारे डोळे कोठे अधिक आहेत? अधिकृत भांडारात अनेकांची नजर असते, नोंदी असतात, दोष जाहीर करण्याची आणि मागे घेण्याची रीत असते. आडवाटेच्या भांडारात अनेकदा एक माणूस असतो, आणि तो सुट्टीवर गेलेला असतो.

शिक्का आणि माणूस

याचा अर्थ 'अधिकृत' हा शिक्का पाहून डोळे मिटावेत असाही होत नाही. पीएचपी भाषेच्या नव्या आवृत्त्या देणारे एक वैयक्तिक भांडार अनेक वर्षे प्रसिद्ध आहे. ते चालवणारा गृहस्थ डेबियनमधील पीएचपीची पॅकेजेही सांभाळतो. पोस्टग्रेस प्रकल्पही आपले भांडार स्वतंत्रपणे चालवतो. ही भांडारे वितरणाच्या बाहेरची असली, तरी त्यांच्यामागे नाव आहे, काम आहे, उत्तरदायित्व आहे.

उलट, दोन विश्वसनीय भांडारे एकत्र आणतानाही घात होऊ शकतो. पायटॉर्च हे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रातील मान्यवर साधन. त्याच्या रोज निघणाऱ्या प्रायोगिक आवृत्तीला लागणारे एक पॅकेज प्रकल्पाच्या स्वतःच्या भांडारात होते. कोणीतरी त्याच नावाचे पॅकेज पायपीआय या सार्वजनिक भांडारात नेऊन ठेवले. बसवणाऱ्या आज्ञावलीने सार्वजनिक भांडाराला अग्रक्रम दिला. परिणामी २५ ते ३० डिसेंबर २०२२ या काळात लिनक्सवर ती प्रायोगिक आवृत्ती बसवणाऱ्यांच्या हाती तोतया पॅकेज पडले आणि सर्व्हरच्या गुप्त किल्ल्यांसारख्या फायली बाहेर जाण्याची वेळ आली. या प्रकारची पूर्वसूचना मिळाली नव्हती काय? मिळाली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये अ‍ॅलेक्स बिरसान या संशोधकाने नेमकी हीच युक्ती वापरून अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट यांच्यासह ३५ हून अधिक कंपन्यांच्या अंतर्गत यंत्रणेत आपला निरुपद्रवी कोड पोहोचवून दाखवला होता आणि तसे जाहीरही केले होते. जागे करणारा आला होता. जागे कोणी झाले नाही.

तेव्हा विचारायचा प्रश्न 'अधिकृत की अनधिकृत' एवढ्यावर थांबत नाही. या पॅकेजची जबाबदारी कोणाची? उद्या त्यात दोष निघाला तर दुरुस्त कोण करील आणि मला कळवील कोण? या प्रश्नांना उत्तर नसेल, तर ते भांडार आपले नव्हे.

हिरकणीचा बुरूज

आता मूळ प्रश्नाकडे वळले पाहिजे. अभियंता आडवाटेने जातो, तो का?

रायगडाच्या हिरकणीची आख्यायिका महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? दूध विकायला गडावर आलेल्या त्या गवळणीला सूर्यास्त झाला, दरवाजे बंद झाले. घरी तान्हे लेकरू. पहारेकरी नियमाला बांधलेले. तेव्हा ती माउली अंधारात कडा उतरून गेली. महाराजांना हे कळले तेव्हा त्यांनी काय केले? गवळणीला शिक्षा केली नाही. तिचा साडीचोळी देऊन सन्मान केला. आणि ज्या कड्यावरून एक आई उतरू शकते, तेथून उद्या शत्रू चढू शकतो हे ओळखून तेथे बुरूज बांधला. ममतेचा गौरव आणि गडाचा बंदोबस्त, दोन्ही एकाच निर्णयात.

आजच्या कंपन्या, शासकीय कार्यालये आणि महाविद्यालये नेमके याच्या उलट वागतात. हिंजवडीतील असो वा बंगळूरूतील, तरुण अभियंत्यापुढे मुदत ठेवलेली असते आजची, आणि संगणक दिलेला असतो चार वर्षांपूर्वीच्या आवृत्तीचा. नवे पॅकेज हवे म्हणून रीतसर मागणी करावी, तर मंजुरीला लागतात तीन आठवडे. मग तो कडा उतरतो. काम वेळेत झाले की वरिष्ठ त्याची पाठ थोपटतात. ते कसे झाले हे विचारीत नाहीत. पुढे घात झाला, की त्याच्यावर बोट ठेवून मोकळे होतात. मागाहून कड्यावर काय बांधतात? एक फलक : 'येथून उतरण्यास मनाई आहे'. फलकाने कधी कोणता गड राखला आहे?

शिक्षणसंस्थांचा अपराध तर याहून मोठा. आपल्याकडील कित्येक महाविद्यालयांत वर्षानुवर्षे सी आणि सी++ या भाषा टर्बो सी++ या साधनावर शिकवल्या गेल्या. हे साधन डॉसच्या काळातील, १९९० च्या दशकाच्या आरंभीचे. ते आजच्या विंडोजवर थेट चालत नाही. मग विद्यार्थी काय करतो? कोणा अनोळखी इसमाने डॉसच्या नक्कल-यंत्रासह बांधून दिलेली प्रत अनोळखी ठिकाणाहून उतरवतो, नाहीतर मित्राच्या पेनड्राइव्हवरून घेतो. कोणी बांधली, त्यात काय घातले, हे ना गुरुजींना ठाऊक, ना शिष्याला. आणि हे केव्हा? जीसीसीसारखा जगन्मान्य, मुक्त आणि विनामूल्य कंपायलर अधिकृत भांडारात हात जोडून उभा असताना! कंपायलरवरच विश्वास टाकता येत नसेल, तर मूळ कोड कितीही तपासून उपयोग नाही, हे केन थॉम्सन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवून दिले होते. व्यवसायाचा पहिला संस्कारच 'कोठूनही घ्या, चालले म्हणजे झाले' असा घडवायचा आणि नंतर त्याच तरुणाकडून सुरक्षिततेची अपेक्षा धरायची, ही आत्मवंचना नव्हे तर काय?

बुरूज कसा बांधावा?

बुरूज बांधणे अशक्यकोटीतले नाही. प्रत्येक मध्यम आकाराच्या संस्थेने आपले स्वतःचे अंतर्गत भांडार ठेवावे. बाहेरचे पॅकेज प्रथम तेथे यावे, त्याची स्वाक्षरी आणि पडताळणी-अंक तपासला जावा, काही दिवस ते थांबवून ठेवावे आणि मगच सर्वांसाठी खुले व्हावे. सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएमवर शाई-हुलूद या नावाने ओळखली गेलेली कीड एका पॅकेजमधून दुसऱ्यात आपोआप पसरत गेली आणि शेकडो पॅकेजे दूषित झाली. पॅकेज प्रसिद्ध होताच खेचून घेणारे अशा वेळी प्रथम सापडतात; आठवडाभर थांबणाऱ्याला इतरांच्या ठेचेतून शहाणपण मिळते.

आवृत्त्या नेमक्या नोंदवून ठेवाव्यात. परके भांडार जोडणे अटळच असेल, तर त्याची किल्ली त्याच भांडारापुरती बांधावी आणि प्रयोग मुख्य यंत्रावर न करता वेगळ्या, बंदिस्त यंत्रावर करावा. मंजुरीसाठी आठवडे नव्हेत, तास लागावेत. दरवाजा वेळेवर उघडत असेल, तर कडा कोण उतरेल?

देशाच्या पातळीवरही पाया अगदीच नाही असे नाही. सी-डॅकने डेबियनच्या आधारे 'बॉस' ही भारतीय लिनक्स प्रणाली तयार केली. केंद्र शासनाने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. केरळच्या शाळा कित्येक वर्षे मुक्त प्रणालीवर चालत आल्या आहेत. 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये सायबर घटना सहा तासांत कळवण्याचे बंधन घातले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधील घटकांची सूची ठेवण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. औषधाच्या वेष्टनावर घटक छापलेले असतात, तसेच हे. परंतु आपल्या गोदामात काय आले आणि कोठून आले हे ज्याला ठाऊकच नाही, तो सूची भरणार कशाची? सूची आधी व्यवहारात यावी लागते, मग कागदावर.

आणि शेवटची गोष्ट सर्वांत कटू आहे. जगाच्या सर्व्हरांचा भार वाहणारे एक्सझेड एका थकलेल्या माणसाच्या खांद्यावर होते. त्याच्यावर नवा सहकारी घेण्यासाठी दडपण आणले गेले आणि त्याच वाटेने घुसखोर आत आला. भारतातील सॉफ्टवेअर-उद्योग असल्या हजारो फुकट मिळालेल्या पॅकेजांवर कोट्यवधींची उलाढाल करतो. त्यांच्या देखभालीसाठी तो किती माणसे देतो, किती धन देतो? ज्या विहिरीचे पाणी रोज उपसायचे, तिचा गाळ काढायला वर्षातून एकदाही उतरायचे नाही, आणि पाणी गढूळ लागले की ओरड करायची, हा कोठला न्याय? आपल्या कामासाठी आवश्यक अशी दहा पॅकेजे निवडून त्यांच्या देखभालीसाठी प्रत्येक मोठ्या कंपनीने एक-दोन अभियंते पूर्ण वेळ दिले, तर ते दान ठरणार नाही. ती स्वतःच्याच घराच्या पायाची डागडुजी असेल.

आडवाटेने आणलेले अवजार स्वस्त पडते, कारण त्याची किंमत दुसरा कोणीतरी नंतर मोजतो. एक्सकोडच्या प्रकरणात ती १२ कोटी ८० लाख लोकांच्या नावे मांडली गेली, आणि त्यांपैकी एकाने तरी ते अवजार मागवले होते काय? गडाचे दरवाजे कसे असावेत, केव्हा उघडावेत, हे ठरवण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे, त्यांनी आता मनाईचे फलक उतरवावेत आणि बुरुजाचे काम हाती घ्यावे. कडा तोच आहे. त्यावरून उतरणारी पावले त्यांना दिसत नसतील, चढणाऱ्यांना मात्र ती केव्हाच दिसली आहेत.